लिनक्स : लहान लॅपटॉपवरील प्रस्थापना व दोषनिवारण

लिनक्स ही संगणकाची यंत्रसामग्री व तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावली यांच्यामध्ये मध्यस्थाचे काम करणारी आणि मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेली प्रचालन प्रणाली होय. लहान पडदा, अल्प स्मृती व मर्यादित साठवणक्षमता असलेल्या लॅपटॉपवर ती बसविण्याचे कार्य नवशिक्यालाही जमण्यासारखे आहे. मात्र मोठ्या संगणकावर सहज पार पडणारी ही क्रिया लहान यंत्रावर काही ठराविक ठिकाणी अडते. अशा वेळी दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे न ओळखता उपाय केल्यास दोष तर राहतोच, शिवाय यंत्रावरील कागदपत्रे, छायाचित्रे इ. साठविलेली माहिती नष्ट होण्याचा संभव असतो. उलट टप्पा अचूक ओळखला, तर निकामी ठरविलेले यंत्र पुष्कळदा आणखी काही वर्षे वापरात राहू शकते.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता येईल अशी संपूर्ण प्रचालन प्रणाली तयार करणे हा त्याचा हेतू होता. प्रकल्पातून भाषांतरक, संपादक व इतर उपयुक्त आज्ञावली तयार झाल्या; परंतु प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, अपुरा राहिला. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपल्या वैयक्तिक संगणकासाठी असा गाभा लिहिला व तो सर्वांस उपलब्ध केला. १९९२ मध्ये त्यांनी त्यास ग्नू प्रकल्पाचा सार्वजनिक परवाना लागू केला. १९९४ मध्ये कर्नलची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

काटेकोरपणे पाहता लिनक्स हे नाव केवळ या गाभ्याचे आहे. गाभा, ग्नूच्या आज्ञावली, आलेखीय पडदा, प्रस्थापक आणि नवीन आवृत्त्या पुरविण्याची व्यवस्था यांची एकत्र जुळणी केलेल्या संचाला वितरणसंच म्हणतात. डेबियन (१९९३), उबुंटू (२००४) व लिनक्स मिंट (२००६) हे प्रसिद्ध वितरणसंच होत. सी-डॅक या भारतीय संस्थेने डेबियनच्या आधारे तयार केलेला बॉस हा वितरणसंच २००७ पासून उपलब्ध झाला. नवशिक्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. कारण एकाच यंत्रावर एक वितरणसंच अडतो व दुसरा सुरळीत चालतो, याचे कारण सामान्यतः गाभ्याची आवृत्ती किंवा सोबत दिलेली सामग्री भिन्न असणे हे असते.

लहान लॅपटॉपचे प्रकार : २००७ हे वर्ष या प्रकारच्या यंत्रांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. विकसनशील देशांतील मुलांसाठी आखलेल्या ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेतील एक्सओ-१ हे यंत्र त्या वर्षी उत्पादनात आले. त्यात २५६ मेगाबाइट स्मृती व १ गिगाबाइट साठवण होती आणि फेडोरा या वितरणसंचावर आधारलेली प्रणाली होती. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील खैराट या खेड्यातील शाळेत त्याच वर्षी या यंत्राचा प्रायोगिक वापर सुरू झाला. आसुस या तैवानी कंपनीने त्याच वर्षी ‘ई पीसी ७०१’ हे यंत्र बाजारात आणले. ७ इंचांचा (सु. १८ सेंमी.) पडदा, त्यावर ८०० × ४८० बिंदू, ५१२ मेगाबाइट स्मृती, बहुतेक नमुन्यांत ४ गिगाबाइट साठवण व एक किग्रॅ.हून कमी वजन ही त्याची वैशिष्ट्ये होती. त्यावर प्रारंभी लिनक्सच बसविलेले असे. या यंत्रांना पुढे नेटबुक हे नाव रूढ झाले. २००८ पासून इंटेलचे ॲटम हे प्रक्रियक त्यांत वापरले जाऊ लागले व हळूहळू बहुतेक यंत्रे विंडोज प्रणालीसह विकली जाऊ लागली. २०१३ च्या सुमारास मूळ स्वरूपातील नेटबुकांचे उत्पादन जवळजवळ थांबले. त्यांची जागा २ गिगाबाइट स्मृती व ३२ गिगाबाइट साठवण असलेल्या स्वस्त लॅपटॉपांनी घेतली. एचपी कंपनीचा २०१४ मधील ‘स्ट्रीम ११’ हे त्यांचे ठळक उदाहरण होय.

या यंत्रांत साठवणीसाठी फिरती तबकडी नसून ईएमएमसी या प्रकारची चकती पुष्कळदा मुख्य मंडलावरच डाखलेली असते. स्मृतीही तशीच पक्की बसविलेली असते. त्यामुळे दोहोंपैकी काहीच वाढविता येत नाही. विंडोजच्या मोठ्या सुधारित आवृत्तीस लागणारी मोकळी जागा ३२ गिगाबाइटमध्ये उरत नाही व यंत्र सुधारणांस मुकते. विंडोज ११ या प्रणालीला किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण व टीपीएम २.० हे सुरक्षा-उपांग लागते आणि विंडोज १० चे सर्वसाधारण मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. यामुळे यांत्रिक दृष्ट्या धडधाकट असलेली पुष्कळ लहान यंत्रे वापराबाहेर जाण्याच्या मार्गावर आहेत. लिनक्स बसविण्याचा विचार बहुधा याच प्रसंगी केला जातो.

वितरणसंचाची निवड : निवड तीन गोष्टींवरून करावी लागते. पहिली गोष्ट म्हणजे प्रक्रियक ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा. ई पीसी ७०१ मधील प्रक्रियक व ॲटमचे काही प्रारंभीचे प्रकार ३२ बिटांचे आहेत. उबुंटूने २०१९ मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठी प्रस्थापना देणे बंद केले. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३ व्या आवृत्तीत अशा यंत्रांसाठी प्रस्थापक व कर्नल दिलेले नाहीत. तेव्हा जुन्यात जुन्या नेटबुकांसाठी पर्याय कमी होत चालले आहेत, तर ६४ बिटांच्या यंत्रांपुढे ही अडचण नाही.

दुसरी गोष्ट स्मृतीची होय. पडद्यावरील खिडक्या, पट्ट्या व चिन्हे यांची व्यवस्था पाहणाऱ्या आज्ञावलींच्या समूहास डेस्कटॉप म्हणतात. ग्नोम व केडीई हे संपन्न डेस्कटॉप आहेत. एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी हे हलके आहेत आणि त्यांहूनही हलके म्हणजे आइसडब्ल्यूएमसारखे केवळ खिडकी-व्यवस्थापक होत. २ गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी निवडणे श्रेयस्कर ठरते. तथापि हलका डेस्कटॉप घेतल्याने सर्व काही हलके होत नाही. आधुनिक जालपृष्ठे उघडणारा ब्राउझर हाच स्मृतीचा सर्वांत मोठा ग्राहक असतो व तो सर्व वितरणसंचांत जवळजवळ सारखीच स्मृती घेतो. म्हणून लेखन, पत्रव्यवहार, वाचन व बेताचे जालदर्शन एवढ्यापुरते यंत्र वापरायचे असेल, तर समाधान मिळते. एकाच वेळी अनेक जालपृष्ठे उघडी ठेवण्याची सवय असल्यास निराशा होते.

तिसरी गोष्ट फर्मवेअरची होय. बिनतारी जालजोडणी करणाऱ्या पुष्कळ उपांगांना चालू होताना निर्मात्याने दिलेली एक छोटी आज्ञावली आत भरावी लागते. ती मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत प्रस्थापकात दीर्घकाळ समाविष्ट नव्हती. जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून ती सोबत दिली जाऊ लागली. जुन्या आवृत्तीचा प्रस्थापक वापरणाऱ्यास ‘वायफाय दिसत नाही’ हा अनुभव येण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

पूर्वतयारी : प्रस्थापनेपूर्वी यंत्रावरील सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. प्रत घेतली पण ती उघडलीच नाही, तर प्रत घेतल्याचा भरवसा धरता येत नाही. मूळची विंडोज प्रणाली ठेवायची असल्यास आणखी दोन दक्षता आवश्यक आहेत. काही यंत्रांत चकतीवरील माहिती सांकेतिक रूपात ठेवलेली असते. फर्मवेअरची मांडणी बदलताच विंडोज पुनःप्राप्तीची किल्ली मागते. ही किल्ली आधी लिहून ठेवलेली नसल्यास माहिती कायमची दुरावू शकते. तसेच विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल, तर यंत्र बंद केल्यावरही विंडोजचा विभाग अर्धवट उघडा राहतो. लिनक्स असा विभाग केवळ वाचनापुरता उघडते वा मुळीच उघडत नाही. म्हणून ती सोय आधीच बंद करावी.

वितरणसंच एकाच मोठ्या प्रतिमा-फाइलीच्या रूपात मिळतो. ती उतरवून घेताना बिघडली नाही याची खात्री करण्यासाठी तिची एसएचए-२५६ ही पडताळणी संख्या काढतात. ६४ चिन्हांची ही संख्या वितरकाने प्रसिद्ध केलेल्या संख्येशी तंतोतंत जुळली पाहिजे. एका चिन्हाचा फरकही फाइल सदोष असल्याचे दर्शवितो. ही फाइल यूएसबी कांडीवर नेहमीप्रमाणे नुसती उतरवून ठेवल्यास कांडीवरून संगणक सुरू होत नाही. प्रतिमा-लेखक आज्ञावलीने ती कांडीच्या पहिल्या बिंदूपासून जशीच्या तशी लिहावी लागते व त्या क्रियेत कांडीवरील आधीची सर्व माहिती पुसली जाते. लिहिण्यासाठी साधन निवडताना कांडीऐवजी चुकून संगणकाची चकती निवडली जाणार नाही, हे साधनाची क्षमता वाचून निश्चित करावे.

बहुतेक वितरणसंच कांडीवरूनच थेट चालविता येतात. त्या वेळी चकतीला हात लागत नाही. नवशिक्याने हा टप्पा कधीही वगळू नये. थेट चालविलेल्या प्रणालीत वायफाय, ध्वनी, स्पर्शपट्टी, पडद्याची उजळणी, कॅमेरा आणि झाकण मिटताच यंत्राचे झोपणे व उघडताच जागे होणे ही सहा कार्ये तपासून त्यांची नोंद ठेवावी. पुढे दोष उद्भवल्यास हीच नोंद तुलनेसाठी उपयोगी पडते.

प्रस्थापना : कळ दाबल्यावर सर्वप्रथम चालणारी आज्ञावली मुख्य मंडलावर कायमची नोंदलेली असते. जुन्या यंत्रांत तिला बायोस व नंतरच्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. कांडीवरून सुरुवात करण्यासाठी यंत्र सुरू होताना विशिष्ट कळ दाबून तिची यादी उघडावी लागते. ही कळ निर्मात्यानुसार बदलते. यूईएफआयमध्ये ‘सिक्युअर बूट’ नावाची सोय असते. ती चालू असताना मान्य स्वाक्षरी असलेलीच आज्ञावली सुरू होते. मोठ्या वितरणसंचांना अशी स्वाक्षरी मिळालेली आहे; परंतु वेगळे बसविलेले वायफायचे काही ड्रायव्हर स्वाक्षरीविना असल्यामुळे नाकारले जातात.

२०१३-१४ च्या सुमाराच्या काही स्वस्त यंत्रांत एक चमत्कारिक विसंगती आढळते : प्रक्रियक ६४ बिटांचा, पण यूईएफआय मात्र ३२ बिटांचे. अशा यंत्रावर ६४ बिटांची साधारण कांडी यादीत दिसतच नाही आणि कांडीच खराब आहे असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१४ मधील ३.१५ या आवृत्तीपासून या मिश्र रचनेची सोय झाली आहे. मात्र कांडीवर ३२ बिटांची आरंभक फाइलही असावी लागते. ती समाविष्ट असलेला वितरणसंच निवडणे हा यावरचा सोपा उपाय होय.

चकतीचे विभाग पाडण्याचा टप्पा सर्वांत जोखमीचा असतो. संपूर्ण चकती लिनक्सला देण्याचा पर्याय सोपा व ३२ गिगाबाइटच्या यंत्रावर बहुधा एकमेव व्यवहार्य पर्याय असतो. एवढ्या जागेत दोन प्रणाली नांदविणे दोहोंनाही जाचक ठरते. यूईएफआय असलेल्या यंत्रावर आरंभक फायलींसाठी फॅट पद्धतीचा एक छोटा विभाग लागतो. स्मृती भरल्यावर तीमधील काही मजकूर तात्पुरता हलविण्यासाठी अदलाबदलीची जागा, म्हणजे स्वॅप, ठेवतात. ईएमएमसी चकती मंद असते व वारंवार लिहिल्याने झिजते. म्हणून अल्प स्मृतीच्या यंत्रांत झेडरॅम ही पद्धती उपयुक्त ठरते. तीत हा मजकूर चकतीवर न पाठविता संक्षिप्त करून स्मृतीतच ठेवला जातो.

लहान पडद्यामुळे प्रस्थापकाच्या खिडकीचा खालचा भाग कधी कधी पडद्याबाहेर जातो व ‘पुढे’ ही कळ दिसत नाही. प्रस्थापना गोठली असे यावरून वाटते. अनेक डेस्कटॉपांत ऑल्ट कळ दाबून धरून खिडकी कोठूनही ओढता येते व खालचा भाग दृष्टीस पडतो. प्रस्थापनेच्या वेळी वायफाय चालत नसल्यास भ्रमणध्वनी यूएसबी तारेने जोडून त्याचे जाल यंत्राला देता येते; लिनक्स या जोडणीला तारेच्या जालासारखे मानते व तिच्यासाठी सामान्यतः वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

दोषनिवारणाचे तत्त्व : संगणक सुरू होण्याची क्रिया पाच टप्प्यांच्या साखळीसारखी असते : (१) फर्मवेअर, (२) बूट लोडर, (३) कर्नल व त्याचे ड्रायव्हर, (४) पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा आणि (५) आलेखीय पडदा. प्रत्येक टप्पा पुढच्याला जागे करतो. साखळी जेथे तुटते तेथपर्यंतचे टप्पे निर्दोष असतात. म्हणून पडद्यावर शेवटी काय दिसले या एका निरीक्षणावरून शोधाचे क्षेत्र पुष्कळ आटोपते.

पहिल्या टप्प्यावर निर्मात्याचे बोधचिन्हही दिसत नसेल, तर दोषाचा लिनक्सशी संबंध नसतो. विद्युत् पुरवठा, घटमाला वा पडदा तपासावा लागतो. बोधचिन्ह दिसते पण कांडी यादीत येत नसेल, तर कांडीचे लेखन, फर्मवेअरची मांडणी किंवा वर सांगितलेली ३२ बिटांची विसंगती यांपैकी एक कारण असते.

दुसऱ्या टप्प्यावर ग्रब हा बूट लोडर अडतो. काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरे येतात किंवा प्रणालीच सापडत नसल्याचा संदेश येतो. विभाग काढून टाकल्याने किंवा दुसऱ्या प्रणालीने आरंभक्रम बदलल्याने असे घडते. काही यंत्रांचे यूईएफआय ठराविक नावाचीच आरंभक फाइल ओळखते. तेथे ग्रबची प्रत त्या नावाने ठेवावी लागते. अशा वेळी चकतीवरील फायली सामान्यतः शाबूत असतात. कांडीवरून थेट प्रणाली सुरू करून केवळ ग्रब पुन्हा बसविणे पुरेसे असते. परंतु घाबरून संपूर्ण प्रस्थापना पुन्हा केल्यास शाबूत असलेली माहितीच पुसली जाते. नवशिक्यांची माहिती गमावण्याचे हे एक दुःखद व टाळता येण्याजोगे कारण आहे.

तिसऱ्या टप्प्यावर ग्रबची यादी दिसून नंतर पडदा काळा होतो. याचे कारण बहुधा चित्रण-ड्रायव्हर हे असते. ग्रबच्या यादीत ‘ई’ कळ दाबून कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ ही सूचना घातल्यास यंत्र साध्या चित्रणावर सुरू होते. हा बदल त्या एकाच वेळेपुरता टिकतो, म्हणून तो निर्धोक आहे. इंटेलच्या जीएमए ५०० या चित्रण-उपांगाचा गाभा दुसऱ्या कंपनीच्या रचनेचा असल्यामुळे लिनक्सवर त्याची पूर्ण क्षमता कधीच उपलब्ध झाली नाही. असे उपांग असलेल्या नेटबुकाकडून चलच्चित्रांची अपेक्षा न ठेवणे हेच योग्य होय. बे ट्रेल या प्रक्रियक-मालिकेतील यंत्रे अनेक वर्षे कोणत्याही संदेशाविना मध्येच गोठत. प्रक्रियकाच्या खोल विश्रांतीच्या अवस्थांना मर्यादा घालणारी सूचना कर्नलला दिल्यास गोठणे थांबे. त्याबदल्यात घटमाला लवकर उतरे.

चौथ्या टप्प्यावर यंत्र दीड मिनिट थांबून मग सुरू होते किंवा आपत्कालीन अवस्थेत जाते. सेवांची व्यवस्था पाहणारी सिस्टिमडी ही आज्ञावली एखाद्या उपांगाची सर्वसाधारणपणे ९० सेकंद वाट पाहते. काढून टाकलेल्या वा नव्याने आखलेल्या विभागाची जुनी नोंद विभागसूचीत राहिलेली असणे, हे त्याचे नेहमीचे कारण होय. नोंद दुरुस्त करताच विलंब नाहीसा होतो.

पाचव्या टप्प्यावर परवलीचा शब्द बरोबर देऊनही प्रवेशाचा पडदा पुन्हा समोर येतो. चकती पूर्ण भरणे व घरफोल्डरातील गुप्त फायलींची मालकी बदलणे ही याची दोन प्रमुख कारणे आहेत. कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबल्यास मजकुरी पडदा उघडतो. तेथून जागा किती उरली हे पाहता येते. ३२ गिगाबाइटच्या यंत्रावर कर्नलच्या जुन्या आवृत्त्या व उतरवलेल्या पुडक्यांचा साठा वेळोवेळी काढून टाकणे म्हणूनच आवश्यक असते.

उपांगांचे दोष : प्रणाली सुरू होऊनही एखादे उपांग चालत नसेल, तर त्रिविध तुलना करावी. उपांग थेट कांडीवर चालते पण प्रस्थापित प्रणालीवर नाही, तर दोष मांडणीत किंवा पुडक्यांत असतो. दोन्हींकडे चालत नाही, तर ड्रायव्हर अथवा फर्मवेअर यांचा अभाव असतो. लिनक्सबाहेरही चालत नसेल, तर यंत्रसामग्रीच बिघडलेली असते. वायफायच्या बाबतीत प्रथम यंत्रावरील कळ अथवा विमान-चिन्हाची कळ तपासावी. नंतर उपांगांची यादी दाखविणाऱ्या आज्ञेने निर्मात्याचा व उपांगाचा क्रमांक मिळवावा. लॅपटॉपच्या नावापेक्षा हा क्रमांक अधिक विश्वसनीय असतो. कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळी उपांगे बसविलेली आढळतात. ध्वनी येत नसेल, तर तो पडद्याच्या एचडीएमआय तारेकडे वळविलेला नाही ना, हे आधी पाहावे.

घड्याळाचा दोष क्षुल्लक वाटला, तरी त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते, तर विंडोज ते स्थानिक वेळेवर आहे असे समजते. म्हणून दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रावर भारतात लिनक्सनंतर विंडोज सुरू केल्यास वेळ साडेपाच तास मागे दिसते. दोहोंपैकी एका प्रणालीची समजूत बदलली की दोष मिटतो. जुन्या यंत्रात घड्याळाची छोटी घटमाला संपलेली असल्यास तारीख अनेक वर्षे मागे जाते. सुरक्षित जालपृष्ठे प्रमाणपत्र अवैध असल्याचे सांगतात व प्रणालीच्या सुधारणाही नाकारल्या जातात. जाल बिघडले असे वाटते; प्रत्यक्षात तारीख चुकलेली असते.

मराठीचा वापर : लिनक्सवर मराठी लेखन युनिकोड या प्रमाण संकेतावर आधारलेले आहे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसल्यास देवनागरी टंक बसविलेला नाही असे समजावे. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त केलेले लोहित टंक बहुतेक वितरणसंचांत मिळतात. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेला इन्स्क्रिप्ट हा कळफलक व उच्चारानुसारी कळफलक असे दोन्ही प्रकार उपलब्ध असून ते आयबस या आज्ञावलीने जोडता येतात. मराठीत रूढ असलेली ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत. टंकात दोन्ही असली, तरी मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली नसल्यास हिंदी वळणे उमटतात. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा ‘र’ उमटविण्यासाठी नुक्तायुक्त ‘ऱ’, हलन्त व ‘य’ असा क्रम द्यावा लागतो. साधा ‘र’ दिल्यास रफार उमटतो व ‘आचाऱ्यांना’ या शब्दाचे ‘आचार्यांना’ होऊन अर्थच बदलतो.

दक्षता व मर्यादा : दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा, तो लिहून ठेवावा व उपयोग न झाल्यास मागे घ्यावा. अनेक बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने गुण आला अथवा नवा दोष निर्माण झाला, हे कळत नाही. प्रणालीचे संदेश प्रथम पूर्ण वाचावेत. पुष्कळदा अनेक ओळींपैकी पहिला संदेशच मूळ दोषाचा असतो व पुढचे त्याचे परिणाम असतात. प्रशासकाच्या अधिकाराने द्यावयाची आज्ञा तिचा अर्थ समजल्याखेरीज देऊ नये. पुसण्याच्या व विभाग आखण्याच्या आज्ञा सामान्यतः पुन्हा विचारत नाहीत. सुधारणा चालू असताना यंत्र बंद पडल्यास पुडकी अर्धवट राहतात. जुनी घटमाला असलेल्या यंत्रावर सुधारणेच्या वेळी विद्युत् पुरवठा जोडलेला असावा.

लिनक्स बसविल्याने मंद प्रक्रियक जलद होत नाही, झिजलेली चकती नवी होत नाही व काही उपांगे कायमची अपुरी राहतात. ठराविक कार्यालयीन वा बँकेच्या आज्ञावली केवळ विंडोजसाठीच असल्यास हा बदल गैरसोयीचा ठरतो. मात्र लेखन, वाचन, पत्रव्यवहार, शालेय अभ्यास व आज्ञावली-लेखनाचे शिक्षण यांसाठी २ गिगाबाइट स्मृतीचे ६४ बिटांचे यंत्र आजही उपयोगी पडू शकते आणि त्याला सुरक्षाविषयक सुधारणा नियमितपणे मिळत राहतात. माहितीची प्रत, थेट कांडीवरील चाचणी व टप्प्याटप्प्याने केलेला दोषशोध हा क्रम पाळल्यास प्रयोग फसला, तरी वापरणाऱ्याची माहिती सुरक्षित राहते व तो नव्याने करता येतो.